रिपोर्ट आला, शेअर पडला: आयटी शेअरवरची विश्लेषकांची मतं वाचायला कशी शिकावी

१३ एप्रिल २०२३ चा गुरुवार. बाजार बंद झाल्यावर इन्फोसिसचे तिमाही निकाल आले. शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. आपल्याकडे शेअर विकायची सोय नव्हती, पण अमेरिकेत गुरुवारीच इन्फोसिसचा एडीआर (तिथल्या बाजारात कंपनीच्या शेअरऐवजी विकली-घेतली जाणारी पावती) आपटला होता आणि सुट्टीचे तिन्ही दिवस ब्रोकरेजच्या, म्हणजे शेअर दलाल कंपन्यांच्या, विश्लेषकांच्या नोट्स येत राहिल्या. कुणी रेटिंग (शेअर घ्या, ठेवा की विका हे मत) खाली आणलं, कुणी टार्गेट (शेअर पुढे कुठवर जाईल तो अंदाजी भाव) कापलं. सोमवारी सकाळी नऊला हिंजवडीहून भावाचा फोन आला. "ताई, सगळे विका म्हणतायत. काढून टाकू का?"

मी शाळेत गणित शिकवते. "थांब जरा" एवढंच मला म्हणता आलं. का थांबायचं, ते सांगता आलं नाही. त्याने सव्वानऊनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत शेअर विकले. दिवसअखेर इन्फोसिस सुमारे ९ टक्के खाली, १,२६० च्या आसपास बंद झाला, आणि भावाला मिळालेला भाव त्याहूनही कमी होता, कारण सकाळच्या घबराटीत शेअर बराच खोल जाऊन वर आला होता.

त्या सोमवारनंतर मी हे रिपोर्ट मुळापासून वाचायला लागले. पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी खाली लिहिल्या आहेत. उदाहरणं आयटीचीच आहेत, कारण मराठी घरांत हे शेअर सर्वांत जास्त दिसतात. पुण्यात तर कित्येक घरांत पगारही आयटीचा आणि शेअरही आयटीचे.

हाताशी काय असावं

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे पडत नाहीत.

- बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली येणाऱ्या घोषणा
- कंपनीच्या गुंतवणूकदार विभागातलं तिमाही निकालांचं पत्रक
- निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलचं (व्यवस्थापन आणि विश्लेषकांच्या फोनवरच्या बैठकीचं) रेकॉर्डिंग आणि लेखी प्रत
- सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावरची नोंदणीकृत रिसर्च ॲनालिस्टची यादी
- ब्रोकरेजचा पूर्ण रिपोर्ट, शेवटच्या पानासकट
- एक वही

कॉलबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बहुतेकांना हे माहीतच नसतं. सूचीबद्ध कंपनीने निकालाच्या कॉलचं रेकॉर्डिंग पुढचा बाजार उघडण्याआधी किंवा २४ तासांत, यातलं जे आधी येईल तेव्हा जाहीर करायचं असतं. लेखी प्रत पाच कामकाजाच्या दिवसांत यावी लागते. ज्या कॉलवरून विश्लेषक नोट लिहितो तो तुम्हालाही फुकट ऐकता येतो. इंग्रजी जड वाटलं तर लेखी प्रत घ्या आणि निदान प्रश्नोत्तरं वाचा. व्यवस्थापनाचं सुरुवातीचं निवेदन घोटून तयार केलेलं असतं. "मागणी कधी सुधारेल?" हा प्रश्न तिसऱ्यांदा आल्यावर जे उत्तर येतं, खरी माहिती त्यात सापडते.

१. बोलणारा कोण आहे ते आधी बघा

शेअरवर मत देणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. ब्रोकरेजमध्ये बसलेला विश्लेषक मुख्यतः म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्थांसाठी लिहितो. तुमच्या-आमच्यापर्यंत येतं ते त्याच्या रिपोर्टचं पहिलं पान, तेही एखाद्या ग्रुपवर कुणीतरी पुढे ढकललेलं. फंडात बसलेला विश्लेषक आपलं मत बाहेर सांगतच नाही. वाहिनीवरचा पाहुणा तिसरा, आणि मोबाइलवर "उद्याचा मल्टिबॅगर", म्हणजे कित्येक पट वाढणारा शेअर, सांगणारा चौथा.

रिपोर्ट देणाऱ्याकडे सेबीची नोंदणी लागते. याचे नियम २०१४ चे आहेत. रिसर्च ॲनालिस्टचा नोंदणी क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी. क्रमांक दिसला म्हणजे काम झालं असं समजू नका. सेबीच्या यादीत जाऊन तो कुणाच्या नावावर आहे ते बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापून फसवणारेही आहेत. ठरावीक परताव्याची हमी देणारा, किंवा "आमच्या खात्यात पैसे भरा, आम्ही ट्रेडिंग करून देतो" म्हणणारा दिसला की तिथेच थांबा.

वाहिनीवरच्या पाहुण्यांबद्दल फेब्रुवारी २०२४ मधला सेबीचा अंतरिम आदेश लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात नोंदवलेली पद्धत साधी होती: पाहुणे कार्यक्रमात कोणता शेअर सुचवणार आहेत ते काही जणांना आधी कळायचं, ते आधी घेऊन ठेवायचे आणि प्रेक्षकांची खरेदी सुरू झाली की विकून मोकळे व्हायचे. सुमारे ७.४१ कोटी रुपयांचा नफा जप्त करण्याचा तो आदेश होता. टीव्ही बघून पहिल्या दोन मिनिटांत शेअर घेणाऱ्याच्या समोर विकणारा कोण असतो, याचं उत्तर त्यात आहे.

२. काय आधी घडलं, काय नंतर, ते वेळेनुसार लिहा

नवख्या माणसाची सर्वांत मोठी गफलत इथे होते. "अमुक ब्रोकरेजने डाउनग्रेड केलं (रेटिंग खाली आणलं) म्हणून शेअर पडला" अशी बातमी येते आणि आपण ती तशीच खरी धरतो. वहीत वेळा लिहून बघा. मी २०२३ चं उदाहरण असं लिहिलं होतं:

- गुरुवारी बाजार बंद झाल्यावर निकाल. तिमाहीचं उत्पन्न स्थिर चलनात (चलनांच्या दरातला बदल वगळून) आधीच्या तिमाहीपेक्षा ३.२ टक्के घटलेलं. पुढच्या वर्षाचा गायडन्स, म्हणजे कंपनीने स्वतः दिलेला वाढीचा अंदाज, ४ ते ७ टक्के.
- त्याच दिवशी अमेरिकेत एडीआर खाली.
- गुरुवार रात्र ते रविवार: नोट्स, डाउनग्रेड, टार्गेटमध्ये कपात.
- सोमवारी नऊ ते सव्वानऊ: प्री-ओपन, म्हणजे ऑर्डर गोळा करून सुरुवातीचा भाव ठरवण्याची वेळ.
- सव्वानऊ: व्यवहार सुरू, शेअर आधीच खोल खाली.

वाईट बातमी कंपनीने स्वतः दिली होती. एडीआरच्या भावात ती उतरलीही होती. ब्रोकरेजच्या नोट्सनी त्या बातमीला आकडे जोडले, आणि "हे एका तिमाहीपुरतं नाही, वर्षभराचं दुखणं आहे" हे सगळ्यांच्या मनात पक्कं केलं. मतांचा भावनेवर परिणाम होतो तो असा. पडझडीचं मूळ बहुतेक वेळा निकालात असतं. ती किती दिवस चालेल आणि शेजारच्या शेअरला किती लागेल, यात मतांचा हात मोठा असतो.

कधीकधी मात्र नोट हीच बातमी असते. कुठलाही निकाल नाही, घोषणा नाही, आणि एखादं मोठं ब्रोकरेज अख्ख्या आयटी क्षेत्राचं रेटिंग एकदम खाली आणतं. अशा दिवशी शेअर हलला तर तो मतामुळेच हलला म्हणता येईल. टीसीएससारख्या शेअरवर डझनावारी विश्लेषक लिहितात, त्यात एकाचं मत सहज विरून जातं. मधल्या किंवा लहान आयटी कंपनीवर मोजकेच लिहितात, त्यामुळे तिथे एका नव्या रिपोर्टनेही भाव चांगलाच उडतो किंवा पडतो.

एडीआरचा ताळा सगळ्यांना लागू नाही. इन्फोसिस आणि विप्रोचे एडीआर न्यूयॉर्कमध्ये आहेत, टीसीएसचा नाही. ॲक्सेंचर या मोठ्या परदेशी आयटी कंपनीचे निकाल मात्र सगळ्यांसाठी बघावेत. तिचं आर्थिक वर्ष ऑगस्टला संपतं, त्यामुळे तिचे आकडे आपल्या कंपन्यांच्या दोन-तीन आठवडे आधी येतात, आणि आपल्याकडचे विश्लेषक त्यावरून लगेच अंदाज बदलतात.

३. टार्गेटवर बोट ठेवा आणि मागचा गुणाकार शोधा

टार्गेट म्हणजे भविष्य नव्हे. बहुतेक रिपोर्टमध्ये ते एका साध्या गुणाकाराचं उत्तर असतं: पुढच्या वर्षी किंवा दोन वर्षांनी एका शेअरमागे होणारी अंदाजी कमाई, म्हणजे ईपीएस, गुणिले बाजार तिला किती पट भाव देईल तो आकडा, म्हणजे पीई.

मुलांना फळ्यावर दाखवते तसंच दाखवते. आकडे काल्पनिक आहेत. ईपीएस ६० रुपये आणि पीई २५ धरला तर टार्गेट १,५००. तिमाही जरा वाईट गेली, विश्लेषकाने ईपीएस ५७ केला. कपात ५ टक्क्यांची. सोबत त्याने लिहिलं की वाढ मंदावली म्हणून आता २५ पट देणं परवडत नाही, २२ पुरे. ५७ गुणिले २२ म्हणजे १,२५४. टार्गेट १६ टक्क्यांहून जास्त खाली आलं!

कमाईचा अंदाज ५ टक्क्यांनी हलला, टार्गेट त्याच्या तिपटीने. उरलेली घट पीईतून आली, आणि पीई हा मूडचा आकडा आहे. टेक शेअर मतांना इतके हळवे का, याचं उत्तरही यातच सापडतं. त्यांच्या भावाचा मोठा भाग आजच्या कमाईवर उभा नसतो, पुढच्या वाढीच्या भरवशावर उभा असतो. भरवसा थोडा डळमळला की पट कमी होते, आणि पट कमी झाली की सगळं उत्तर बदलतं.

म्हणून रिपोर्ट हातात आला की दोनच गोष्टी शोधा. ईपीएसचा अंदाज किती बदलला? पीई किती बदलला? फक्त पीई बदलला असेल तर विश्लेषकाला कंपनीबद्दल नवं काही कळलेलं नाही, बाजाराचा सूर बदलला एवढंच त्याने नोंदवलं आहे. ईपीएस बदलला असेल तर कारण वाचा. उत्पन्न कमी होणार, नफ्याचं प्रमाण घटणार, की नुसता रुपया-डॉलरचा दर बदलला?

उलटा प्रकारही दिसतो. शेअर २० टक्के वर गेला की टार्गेटही मागून वर जातं, ईपीएस मात्र तोच. हे वरातीमागून घोडं. असं टार्गेट बघून घेणारा बहुधा वरच्या भावात अडकतो.

४. आयटीच्या रिपोर्टमधले आकडे

सगळा रिपोर्ट वाचायला वेळ नसतो, मलाही नसतो. मी एवढंच बघते:

स्थिर चलनातली वाढ: रुपया घसरला की रुपयातलं उत्पन्न आपोआप फुगतं. स्थिर चलनात ती सूज काढून टाकलेली असते. मथळ्यात रुपयातली वाढ आणि आत स्थिर चलनात घट, असं अनेकदा दिसतं.

गायडन्स: इन्फोसिस वर्षाचा देते, विप्रो पुढच्या तिमाहीचा देते, टीसीएस देतच नाही. म्हणून टीसीएसच्या कॉलवर विश्लेषक व्यवस्थापनाच्या शब्दांचा कीस काढतात. गायडन्सने शेअर किती हलतो ते बघायचं तर १२ एप्रिल २०१३ घ्या. वाढीचा अंदाज अपेक्षेपेक्षा बराच कमी आला आणि इन्फोसिस एका दिवसात सुमारे २१ टक्के पडला.

नव्या करारांची एकूण किंमत, म्हणजे टीसीव्ही: मोठा आकडा बघून भुलू नका. करार किती वर्षांचा आहे आणि त्यात जुन्याचं नूतनीकरण किती, ते विचारा.

ऑपरेटिंग मार्जिन, म्हणजे धंदा चालवण्याचा खर्च वजा जाता उरणाऱ्या नफ्याचं उत्पन्नाशी प्रमाण: ज्या तिमाहीत पगारवाढ दिली जाते तिथे ते खाली येतं. डिसेंबरच्या तिमाहीत परदेशी ग्राहकांच्या सुट्ट्या असतात, काम कमी होतं. हे दरवर्षीचं आहे. त्यासाठी घाबरून विकू नये.

हे आकडे चांगले असूनही शेअर पडू शकतो, आणि नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. बाजार निकालाची तुलना मागच्या वर्षाशी कमी आणि विश्लेषकांच्या सरासरी अंदाजाशी जास्त करतो. वाढ ८ टक्के आली पण सगळ्यांनी १० धरली होती, तर ती बाजाराच्या दृष्टीने २ टक्क्यांची निराशा असते. वर्गात ८० गुण मिळवून रडणारी मुलं मी दर वर्षी बघते. त्यांच्या घरी ९० धरलेले असतात.

५. रेटिंगचे शब्द जसेच्या तसे घेऊ नका

'बाय', 'ॲड', 'होल्ड', 'न्यूट्रल', 'रिड्यूस', 'सेल', 'ओव्हरवेट', 'अंडरवेट': प्रत्येक ब्रोकरेजची व्याख्या वेगळी असते आणि ती रिपोर्टच्या शेवटी छापलेली असते. 'ओव्हरवेट' म्हणजे निर्देशांकात जितका वाटा आहे त्याहून जास्त ठेवा. शेअर वर जाईलच असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. निर्देशांक २० टक्के पडला आणि तो शेअर १५ टक्के पडला, तरी ते मत बरोबरच ठरलं!

'सेल' हा शब्द कमी दिसतो. व्यवस्थापनाशी संबंध बिघडायला नकोत, मोठ्या ग्राहकांकडे तोच शेअर भरलेला असतो, ब्रोकरेजच्या दुसऱ्या विभागाला त्या कंपनीकडून काम हवं असतं. म्हणून 'बाय'वरून 'होल्ड'वर येणं हीसुद्धा मोठी खूण समजा. काही वेळा रेटिंग तसंच ठेवून टार्गेट शांतपणे खाली आणलेलं असतं. तेही वहीत टिपा.

६. शेवटचं पान आधी वाचा

जानेवारी २०२२ मध्ये मी एका मध्यम आयटी कंपनीचे शेअर घेतले. सोसायटीतल्या एका काकांनी रिपोर्ट पाठवला होता. पहिल्या पानावर हिरव्या चौकटीत 'बाय' आणि आजच्या भावापेक्षा ३० टक्के वरचं टार्गेट. मी तेवढंच पान वाचलं. त्या वर्षात निफ्टी आयटी निर्देशांकच सुमारे २६ टक्के पडला, माझा शेअर त्याहून जास्त. वर्षभराने तीच फाइल उघडून शेवटपर्यंत गेले, तेव्हा बारीक अक्षरांतली एक ओळ दिसली: गेल्या बारा महिन्यांत त्या ब्रोकरेजला त्याच कंपनीकडून मोबदला मिळाला होता. कुणी काही लपवलं नव्हतं. नियमाप्रमाणे छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

त्या पानावर हे शोधा: ब्रोकरेज किंवा विश्लेषकाकडे कंपनीचे १ टक्का किंवा जास्त शेअर आहेत का, गेल्या बारा महिन्यांत कंपनीकडून मोबदला मिळाला आहे का, तिचा पब्लिक इश्यू सांभाळला आहे का. विश्लेषकाला स्वतःच्या शिफारशीच्या शेअरमध्ये अहवालाआधी ३० आणि नंतर ५ दिवस व्यवहार करता येत नाही, आणि शिफारशीच्या उलटा व्यवहारही करता येत नाही. मत विकत घेतलं आहे असा याचा अर्थ लगेच काढू नका. वजन किती द्यायचं ते यावरून ठरवा.

हे नियम का आले ते अमेरिकेच्या इतिहासात दिसतं. डिसेंबर १९९८ मध्ये हेन्री ब्लॉजेट या विश्लेषकाने ॲमेझॉनला ४०० डॉलरचं टार्गेट दिलं, तेव्हा शेअर २४० च्या आसपास होता. त्या एका दिवसात तो जवळजवळ २० टक्के चढला आणि महिन्याभरात ४०० पार गेला. पुढे डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर चौकशी झाली. काही विश्लेषक जाहीरपणे शेअर घ्या म्हणत होते आणि आपसातल्या ईमेलमध्ये त्याच शेअरला नावं ठेवत होते. २००३ मध्ये दहा मोठ्या कंपन्यांनी सुमारे १.४ अब्ज डॉलरची तडजोड केली. ब्लॉजेटवर या व्यवसायात कायमची बंदी आली आणि ४० लाख डॉलर भरावे लागले.

७. वही ठेवा, आणि पहिला अर्धा तास हात आवरा

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, कुणाचं मत, त्या दिवशीचा भाव, ईपीएसचा अंदाज, वर्षाने काय झालं. दोन-तीन कंपन्यांपासून सुरुवात करा. चार तिमाह्या गेल्या की कोण कारण नीट मांडतो आणि कोण भावामागे धावतो, ते तुम्हाला तुमच्याच अक्षरात दिसेल.

इन्फोसिसचं माझं पान असं आहे. १७ एप्रिल २०२३ ला १,२६० च्या आसपास. २० जुलैला, पुढच्या निकालाआधी, १,४५० च्या आसपास. त्याच संध्याकाळी कंपनीने वर्षाचा गायडन्स १ ते ३.५ टक्क्यांवर आणला, आणि दुसऱ्या दिवशी शेअर ८ टक्के पडून १,३३० च्या आसपास. वर्षअखेर प्रत्यक्ष वाढ १.४ टक्के. डिसेंबर २०२४ मध्ये तोच शेअर १,९०० च्या वर.

हे पान मी भावाला दाखवलं. एप्रिलमध्ये "मागणी कमी होतेय" म्हणणारे विश्लेषक धंद्याबद्दल अगदी बरोबर होते. वाढ खरंच ४ ते ७ टक्क्यांच्या कितीतरी खाली आली. तरी त्यांचं ऐकून त्या सकाळी विकणाऱ्याने तीन महिन्यांतली चढ गमावली. धंद्याचा अंदाज आणि भावाचा अंदाज ही दोन वेगळी गणितं आहेत. पहिल्यात विश्लेषकांची मदत फार मोठी होते. दुसऱ्यात त्यांचीही चूक आपल्याइतकीच होऊ शकते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑर्डर टाकत नाही. आधी रेकॉर्डिंग ऐकते, मग निकालाचं पत्रक, मग रिपोर्ट, तोही शेवटच्या पानापासून. विकायचं असेलच तर मर्यादा घालून ऑर्डर टाका, म्हणजे ठरवलेल्या भावाखाली ती जाणार नाही. मार्केट ऑर्डर घबराटीच्या मिनिटांत मिळेल त्या किमतीला निघते, माझ्या भावाचं झालं ते तेच. आणि घरात पगार आयटीचा असेल, कंपनीने दिलेले शेअरही असतील, तर एका कागदावर दोन्हींची बेरीज मांडून बघा. आमच्या घरी ती मांडली तेव्हा भावाच्या एकूण बचतीतला ७० टक्के भाग एकाच क्षेत्रात निघाला. ते कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं नव्हतं.

कुणी नोंदणी नसताना सल्ल्याचे पैसे घेतले, किंवा नोंदणीकृत माणसाने फसवलं, तर ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी संदेशांचे आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. नोंदणीकृत संस्थेविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते, पैसे थेट लुबाडले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. टीसीएसचे निकाल साधारणपणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतात, बाकीच्या कंपन्या त्यामागोमाग. वहीचं पहिलं पान त्याच्या आदल्या रात्री लिहा: आपल्याला काय वाटतं, आणि का.